पहिली मूठ

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावपासून जवळच रावेरी आहे. तिथल्या सीतामंदिरात सीता एकटीच आहे, शेजारी राम नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला, तेव्हापासून त्याचं नाव जिल्ह्याबाहेरही गेलं. गावातली गोष्ट मात्र त्याहून कितीतरी जुनी. वनात सोडून दिलेली सीता लव-कुशांना घेऊन इथे राहिली, पोरांसाठी तिने गावात मूठभर गहू मागितले आणि गावाने ते दिले नाहीत. मग तिच्या शापाने या शिवारात गहू पिकेनासा झाला, असं म्हातारी माणसं सांगतात.

ही गोष्ट पवित्र शास्त्रातली नाही. पण ती आपल्या शेजाऱ्यांची आहे, ज्या मातीतलं आपण खातो त्या मातीची आहे, म्हणून मला ती परकी वाटत नाही. ती ऐकली की दर वेळी मला दुसरी एक बाई आठवते. सीदोनच्या मुलखातल्या सारफथ गावची विधवा. तिच्याकडेही एकाने भाकर मागितली, ऐन दुष्काळात मागितली, आणि तिच्या घरात मूठभरच पीठ उरलं होतं.

संसारात देवाला पहिलं स्थान द्या, हे आपण लग्नाच्या उपासनेत ऐकतो, नव्या घराच्या प्रार्थनेत ऐकतो, मंडळीच्या कॅलेंडरवर वाचतो. मान डोलावतो. सकाळ झाली की नळाचं पाणी, मुलांचा डबा, फवारणीचा पंप, बँकेचा हप्ता, जिनिंगवरचा भाव हे सगळं दारात उभं असतं. या गर्दीत पहिलं म्हणजे नेमकं कुठे आणि कसं, हा प्रश्न तसाच राहतो. आज त्या विधवेच्या चुलीपाशी बसून तो प्रश्न शांतपणे पाहू.

हे मनन घाईने वाचू नका. शक्य असेल तर रात्रीची जेवणं आटोपल्यावर, घरातली सगळी माणसं एकत्र असताना वाचा. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. शास्त्रातला १ राजे, अध्याय १७ उघडा आणि आठव्या वचनापासून सोळाव्यापर्यंत घरातल्या सगळ्यांत लहान मुलाला मोठ्याने वाचू द्या. अडखळला तर अडखळू द्या. वाचून झाल्यावर कोणी काही बोलू नका.

आता ती बाई डोळ्यांसमोर आणा.

ती गावाच्या वेशीपाशी काटक्या वेचते आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात बायका शेतातून पऱ्हाटीचा भारा डोक्यावर आणतात, तसा मोठा भारा तिला नको आहे. तिला दोनच काटक्या पुरेत, कारण भाकर एकच भाजायची आहे. कित्येक महिने पाऊस नाही. नवरा नाही. घरात एक मुलगा आहे. मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडं तेल. तिचा हिशेब पक्का आहे: ही भाकर करू, दोघं खाऊ आणि मग मरणाची वाट पाहू. आपल्या जिल्ह्यात असा हिशेब मांडून बसलेली घरं आपण पाहिली आहेत. नवरा फवारणीचं औषध प्यायला, मागे कर्ज राहिलं, मदतीचा कागद तहसीलमधून ‘अपात्र’ असा शेरा घेऊन परत आला, आणि ती बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा वेचणीला गेली. म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाने सारफथची विधवा लांबची समजू नये.

तिच्यापाशी संदेष्टा एलीया येतो. आधी पाणी मागतो. दुष्काळात पाणी मागणं हीच लहान गोष्ट नव्हे, पण ती लगेच आणायला निघते. मग तो मागून हाक मारून भाकर मागतो. तेव्हा ती खरं ते सांगते, लपवत नाही. आणि तो म्हणतो की भिऊ नको, तू ठरवलंस तसंच कर, पण त्यातली एक लहानशी भाकर आधी माझ्यासाठी करून आण, मग तुझ्यासाठी आणि तुझ्या मुलासाठी कर.

इथे थांबा. हे मागणं ऐकून मनात काय येतं ते प्रामाणिकपणे पाहा.

मला तर हे मागणं पहिल्यांदा निष्ठुर वाटतं. उपाशी मुलाच्या तोंडचा घास आणि तो आधी पाहुण्याला? हे वाटणं दडपू नका, देवापुढे ठेवा. मग पुन्हा वचन वाचा. एलीया सगळं पीठ मागत नाही. लहानशी भाकर मागतो. मुलाला विसर असंही म्हणत नाही. त्याच दमात मुलाचं नाव घेतो. फक्त क्रम बदलतो. तिच्या हिशेबात शेवटची भाकर होती. तो त्या भाकरीला पहिली करतो.

हा क्रम तिला कधी पाळायचा आहे? मडकं भरल्यावर नाही. पाऊस आल्यावर नाही. पुरेल की नाही हे कळण्याच्या आधी. मला वाटतं, देवाला पहिलं स्थान देणं म्हणजे इतकंच आणि एवढं अवघड आहे. भागल्यावर उरलेलं द्यायचं नाही. भागेल की नाही हे ठाऊक नसताना आधी काढून ठेवायचं. वेळ असो, पैसा असो, लक्ष असो. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात पहिल्या उत्पन्नाने परमेश्वराचा सन्मान करायला सांगितलंय तेही याच अर्थाने. हंगामाची पहिली वेचणी हातात येते तेव्हा दुसरी, तिसरी कशी निघेल हे कोणालाच माहीत नसतं. बोंडअळी आहे, अवकाळी आहे, भाव आहे.

कापसाच्या पहिल्या वेचणीआधी आपल्या भागातले शेतकरी शेतात सीतादही करतात. दहीभाताचा नैवेद्य दाखवून मगच बोंडाला हात लावतात. ख्रिस्ती शेतकऱ्याने त्या वेळी काय करावं? माझं मत असं की त्यानेही रिकाम्या हाताने थेट वेचणीला लागू नये. वेचणारणी ओटी बांधून ओळीत उभ्या राहण्याआधी धुऱ्यावर दोन मिनिटं उभं राहून, टोपी काढून, ज्याने पीक दिलं त्याचे आभार मानावेत. मोठ्याने मानावेत, म्हणजे सोबतच्या मुलालाही ऐकू जाईल. पुढे कापणीच्या सणाला मंडळीत आपण ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, भोपळा, कोंबडी घेऊन जातो, उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो, हशा पिकतो. तो आनंद खरा आहे. पण त्या दिवशी वेदीपुढे नेलेला भोपळा आणि धुऱ्यावर पहिल्या दिवशी काढलेली ती दोन मिनिटं यांत मला दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे चला.

मिझोराममधल्या ख्रिस्ती घरांत एक रीत आहे. तिला बुहफाय थाम म्हणतात. १९१० च्या सुमाराला तिथल्या बायकांनी ती सुरू केली. स्वयंपाकाला तांदूळ काढले की शिजवण्याआधी त्यांतली एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकायची, प्रभूच्या कामासाठी. पैसा नव्हता, तांदूळ होता, म्हणून मुठीने सुरुवात झाली. शंभर वर्षांनंतर त्या मुठींतून तिथली मंडळी दरवर्षी कोट्यवधी रुपये उभे करते. पण मला त्या आकड्यापेक्षा ती मूठ कधी काढली जाते हे महत्त्वाचं वाटतं. जेवणं झाल्यावर पातेल्यात तळाशी काय राहिलं हे पाहून नाही. तांदूळ धुण्याच्या आधी. दिवसातून दोनदा, बाईच्या हाताने, कोणी पाहत नसताना.

ती मूठ मनात पाहा. डब्यात हात गेला. मूठ भरली. घरात आज माणसं जास्त आहेत, डबा खाली जात चाललाय, महिना संपायला आठ दिवस आहेत. क्षणभर मूठ सैल होते, पुन्हा घट्ट होते. मग ती दुसऱ्या डब्यावर उघडते.

तुमच्या घरात अशी मूठ कोणती आहे, हे स्वतःला विचारा. उत्तर लगेच आलं नाही तर घाई करू नका. कोणाच्या घरी ती पहाटेची पंधरा मिनिटं असतील, दूध तापेपर्यंतची. कोणाच्या घरी पगाराच्या दिवशी बाजूला काढलेला दशमांशाचा लिफाफा असेल. कोणाच्या घरी रात्रीची प्रार्थना असेल, ज्यात मालिका मध्येच थांबवावी लागते. ती मूठ लहान आहे म्हणून लाजू नका. एलीयाने लहानच भाकर मागितली होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, कारण तिच्यावाचून हे मनन आपल्या जिल्ह्यात खोटं ठरेल. काही व्यासपीठांवरून सांगितलं जातं की देवाला आधी द्या, मग पाहा तुमचं कर्ज कसं फिटतं, घर कसं भरतं. आणि मग ज्याचं कर्ज फिटलं नाही, त्याने दिलंच नसेल, असा अर्थ आपोआप निघतो. हा उपदेश शास्त्राला धरून नाही आणि तो क्रूर आहे. त्या विधवेचं मडकं भरून वाहिलं असं लिहिलेलं नाही. पाऊस येईपर्यंत पीठ सरलं नाही, एवढंच लिहिलंय. म्हणजे रोज सकाळी मडक्यात हात घालायचा, आणि रोज तेवढंच सापडायचं. ती श्रीमंत झाली नाही. आणि सतराव्या वचनापासून पुढे वाचलंत तर दिसेल, की तोच मुलगा नंतर आजारी पडला आणि त्याचा श्वास थांबला. आधी देवाला देणाऱ्या घरात हे घडलं. ती एलीयावर रागावली, तिने त्याला जाब विचारला. देवाने तिचा तो राग मानून घेतला, मुलगा तिला परत मिळाला. पण तो आघात तिच्या घरावरून टळला नव्हता. घरात देव पहिला असला म्हणजे घरात मरण येत नाही, पीक बुडत नाही, असं वचन आपल्याला कोणी दिलेलं नाही. त्या दिवसांत आपण कोणाला हाक मारायची, कोणावर रागवायचं आणि कोणापुढे रडायचं, हे मात्र आधीच ठरलेलं असतं.

तुमच्या घरात असा एखादा दिवस येऊन गेला असेल. त्याचं नाव मनात घ्या. बोलावंसं वाटलं तर बोला, नाही तर शांत बसा.

आता वडीलधाऱ्यांकडे पाहू. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू कुर्बानाबद्दल बोलतो. काही लोक आईबापांना सांगत, तुम्हाला माझ्याकडून जी मदत मिळायची ती मी देवाला अर्पण केली आहे. आणि मग म्हातारे आईबाप तसेच राहत. येशू यावर इतका कडक बोलला की ऐकणाऱ्यांना चटका बसला असेल. देवाच्या नावावर आईबापांचा वाटा काढून घेणाऱ्यांनी देवाची आज्ञाच मोडली, असं तो म्हणाला. म्हणून घरातला कोणी मंडळीच्या प्रत्येक सभेला हजर राहतो, पण आईची बीपीची गोळी संपून चार दिवस झाले हे त्याला ठाऊक नाही, तर त्या घरात देव पहिला आहे असं म्हणता येणार नाही. आईचं औषध आणणं हाच त्या दिवशीचा देवाचा पहिला वाटा. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत तिला मोटारसायकलवर मागे बसवून, खड्ड्यांतून सावकाश घेऊन जाणं, ही उपासनाच आहे.

भावाचंही तेच. आपल्याकडे धुऱ्यावरून किती घरं तुटतात. दोन तास पट्टी ताणून मोजणी होते, हातभर जमिनीसाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात, आणि दोघंही रविवारी एकाच चर्चमध्ये वेगवेगळ्या रांगेत बसतात. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशूने सांगितलंय, वेदीपाशी अर्पण घेऊन गेलात आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुमच्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जा, भावाशी समेट करा, मग येऊन अर्पण करा. वेदीपुढे उभ्या असलेल्या माणसाला परत पाठवणारा देव आहे हा. त्याला पहिलं स्थान दिलं की तो लगेच आपल्याला दुसऱ्या कोणाकडे तरी पाठवतो. एलीयाकडे, म्हाताऱ्या आईकडे, धुऱ्यापलीकडच्या भावाकडे. देव आणि घर यांत निवड करावी लागते असं आपल्याला उगीच वाटतं. बहुतेक वेळा देव घराकडेच बोट दाखवत असतो, पण घराच्या त्या कोपऱ्याकडे जिकडे आपण बघायचं टाळतो.

त्या भावाचा चेहरा आता डोळ्यांसमोर आणा. आपली बाजू किती बरोबर आहे याची उजळणी करू नका. फक्त चेहरा पाहा, तो आता किती म्हातारा दिसायला लागलाय ते पाहा, आणि त्याच्या घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन प्रार्थना करा.

रविवारचा प्रश्न वेचणीच्या दिवसांत दर घरी येतो. कापूस फुटून पांढरा झालाय, आभाळ आलंय, सोमवारी पाऊस आला तर बोंड भिजेल. चर्चला जायचं की शेतात? निर्गमच्या चौतिसाव्या अध्यायात नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही विश्राम पाळा, असं मुद्दाम सांगितलंय, कारण मोह त्याच दिवसांत होतो. दुसरीकडे लूकच्या चौदाव्या अध्यायात विहिरीत पडलेल्या बैलाला शब्बाथाच्या दिवशीही बाहेर काढायला येशू सांगतो. माझा कौल असा: आभाळ खरंच भरून आलं असेल तर पहाटेच घरच्यांनी मिळून प्रार्थना करावी आणि कापूस घरात आणावा, मनात टोचणी नको. पण हंगामातला प्रत्येक रविवार जर विहिरीत पडलेला बैल असेल, तर मग तो बैल नाही, आपला लोभ आहे. आणि विश्रामाची आज्ञा दासदासींसाठीही आहे, हे अनुवादाच्या पाचव्या अध्यायात वाचा. आपण चर्चमध्ये आणि वेचणारणी आपल्या शेतात, ही गोष्ट मला कधीच बरोबर वाटलेली नाही.

मुलांकडे येऊ. आपल्या जिल्ह्यात फ्री मेथडिस्ट मिशनने शुभवर्तमान आणलं. यवतमाळात १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली, आणि तीस वर्षं देशभरातले भावी पाळक या कापसाच्या गावात शिकले. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. मिशनरी मायदेशी परतले, संस्था हलल्या. जिथे विश्वास टिकला तिथे तो मुख्यतः आजींमुळे टिकला, ज्यांना वाचता येत नव्हतं पण उपासना संगीतातली गीतं तोंडपाठ होती. पौलही तीमथ्याला त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची आठवण करून देतो. मूल आपलं बोलणं ऐकतं त्याहून जास्त आपला क्रम पाहतं. परीक्षेच्या आठवड्यात घरातली प्रार्थना बंद झाली की त्याला जे समजायचं ते समजतं. रविवारच्या ट्यूशनसाठी संडे स्कूल सोडायला आपण किती पटकन हो म्हणतो, हेही त्याला समजतं. त्याला यवतमाळला, नागपूरला, पुण्याला शिकायला पाठवाल तेव्हा बॅगेत शास्त्र ठेवाल. ते उघडायची सवय मात्र बॅगेत भरता येत नाही.

मुलांवर, सुनेवर, नवऱ्यावर हे लादताही येत नाही. नारायण वामन टिळकांचं घर आठवा. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परक्या माणसाने त्यांच्या हातात नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्यासाठी देव पहिला झाला, आणि घर फुटलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे नवऱ्याकडे परतल्यावरही त्यांनी आपलं सोवळं, आपला वेगळा स्वयंपाक सांभाळला. टिळकांनी तो सांभाळू दिला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो १९०० मध्ये, स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळेला. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला त्या पाच वर्षांतल्या टिळकांच्या धीराचं फार कौतुक वाटतं. स्वभावाने ते उतावळे, तापट. तरी या एका बाबतीत त्यांनी बायकोचा हात धरून ओढलं नाही. ज्या घरात आज एकटीच प्रार्थना करते, किंवा एकटाच चर्चला जातो, त्या घराने या जोडप्याकडे पाहावं. घरातल्या दुसऱ्या माणसाची वाट पाहणं हादेखील देवाला दिलेला वाटा आहे.

ती सारफथची विधवा इस्राएलाची नव्हती, हेही लक्षात घ्या. ती एलीयाला म्हणते, तुझा देव. माझा नाही, तुझा. बआल देवाच्या मुलखातली ती बाई. येशूने नासरेथच्या सभास्थानात हीच गोष्ट काढली, इस्राएलात पुष्कळ विधवा होत्या पण एलीयाला पाठवलं ते हिच्याकडे, आणि गावकरी त्याला डोंगराच्या कड्यावरून लोटायला निघाले. देवाला आधी देणारं घर आपल्याच मंडळीत सापडेल असं नाही. राळेगावात ख्रिस्ती घरं थोडकीच आहेत. आपल्या अडीनडीला धावून येणारे, पोळीच्या ताटावर रुमाल झाकून सणाला घरी पाठवणारे, मयतीला खांदा देणारे बहुतेक शेजारी दुसऱ्या धर्माचे आहेत. त्यांच्यातल्या ज्यांनी कधीतरी तुम्हाला आधी दिलं, त्यांची नावं आजच्या प्रार्थनेत घ्या.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत जवळची. मजुरी.

वेचाई किलोवर असते. संध्याकाळी शेतातच काटा लागतो. ओट्या रिकाम्या होतात, गाठोडी बांधली जातात, काट्याच्या हुकाला गाठोडं लटकतं आणि सगळ्या बायका काट्याच्या सुईकडे पाहतात. किती भरलं ते वहीत लिहिलं जातं. पैसे मात्र पुष्कळदा त्या दिवशी मिळत नाहीत. कापूस विकला की देऊ. जिनिंगवाल्याचं पेमेंट आलं की देऊ. बाजाराच्या दिवशी देऊ. वहीत आकडा वाढत जातो, आणि ती बाई दुकानदाराच्या वहीत तिच्या नावावरचा आकडा वाढवत जाते.

अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात परमेश्वर सांगतो की गरीब मजूर आपल्या लोकांतला असो की परका, त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्या, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगतो की अडकवून ठेवलेली कापणी करणाऱ्यांची मजुरी ओरडते, आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानांवर गेली आहे. ज्या शेतात आपण धुऱ्यावर उभं राहून आभार मानले, त्याच शेतातून ही ओरड वर जाऊ शकते. २०१७ च्या हंगामात कापसावर फवारणी करताना आपल्या जिल्ह्यात शेतकरी आणि मजूर विषबाधेने दगावले. आपण अंगावर घालतो त्या सुताची किंमत कोणी कोणी मोजली आहे, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक असणार? आपल्याकडे शेत नसेल, नोकरी असेल, तरी भांडी घासणारी बाई आहे, रंगकाम करणारा आहे, दुधवाला आहे. त्यांचा हिशेब कुठल्या वहीत किती दिवस पडून आहे?

डोळे मिटा. ज्याचे पैसे तुमच्याकडे आहेत त्या माणसाचं नाव देवापुढे घ्या. त्याच्या घरातल्या चुलीकडे पाहा. त्याच्या मडक्यात किती पीठ आहे ते पाहा. मग येशूने शिकवलेली प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हणा, सावकाश, आणि रोजच्या भाकरीच्या मागणीपाशी थोडं थांबा. ती मागणी ‘आम्हाला’ अशी आहे, त्यात तोही आला.

दशमांशाचा लिफाफा भरण्याआधी ते पैसे नेऊन द्या. या रविवारी उपासनेला जाण्याआधी, शनिवारी संध्याकाळीच, स्वतः चालत जाऊन द्या.